रुजू होताना लाभलेली सोबत : एका विज्ञान विद्याशाखेच्या स्वागत-कार्यक्रमाविषयी

विद्यापीठाच्या विज्ञान विद्याशाखेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी माझे ओळखपत्र तयार होते, संगणकावरचे खाते सुरू झालेले होते आणि ज्या प्रयोगशाळेत काम करायचे होते तिचे दार माझ्या ओळखपत्राने उघडत होते. ज्यांनी विद्यापीठात कधी नोकरी केलेली नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. परंतु या तीन गोष्टी एकाच सकाळी हाती पडण्यासाठी आस्थापना विभाग, संगणक विभाग, इमारतीची देखभाल पाहणारे आणि प्रयोगशाळेचे प्रमुख या चौघांना माझे नाव आधीच कळलेले असावे लागते, आणि ते कळवण्याची जबाबदारी कोणा एका व्यक्तीवर स्पष्टपणे सोपवलेली असावी लागते. याआधीच्या एका संस्थेत मी पहिले अकरा दिवस दुसऱ्याच्या किल्लीवर काढले होते. त्यामुळे या विद्याशाखेच्या स्वागत-कार्यक्रमाचे परीक्षण करताना मी सुरुवात त्या ओळखपत्रापासून करते.

कार्यक्रमाची रचना साधी आहे. सत्राच्या प्रारंभी एक पूर्ण दिवस, त्यानंतरच्या चार आठवड्यांत दोन-दोन तासांच्या तीन बैठका, प्रत्येक नवागतासाठी एक ‘सोबती’ आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस अधिष्ठात्यांच्या कार्यालयात एक भेट. आमच्या गटात एकोणीस जण होतो. त्यांत सहायक प्राध्यापक होते, संशोधन सहायक होते, परीक्षा विभागातील लिपिक होते, ग्रंथालयातील एक सहकारी होत्या, संगणक विभागातील दोघे होते आणि माझ्यासारखे प्रयोगशाळेतले तिघे. या सर्वांना एकाच सभागृहात, एकाच क्रमाने आणि सारख्याच गांभीर्याने सामील करून घेतले गेले. माझ्या मते या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे गुण याच एका निर्णयाला द्यायला हवेत.

आम्हाला ‘शिक्षकेतर’ म्हणतात. शिक्षक नसलेले, एवढीच ओळख त्या शब्दात आहे. आम्ही काय करतो हे त्यात कुठेच येत नाही. उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जासंबंधी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने १९९७ साली एक शिफारस स्वीकारली. अध्यापनाच्या स्वातंत्र्यापासून सेवाशर्तींपर्यंत बरेच काही तीत तपशीलवार आले आहे आणि तो दस्तऐवज मोलाचा आहे, परंतु तिचा विषय अध्यापक हाच आहे. बहुतेक विद्यापीठांतही नव्या अध्यापकांसाठी आखीव कार्यक्रम असतो आणि इतरांना टेबल दाखवून कामाला लावले जाते. इथे तसे घडले नाही, आणि त्याचा लाभ अध्यापकांनाही झाला. दुसऱ्या बैठकीत एका तरुण सहायक प्राध्यापकांनी पुढच्याच आठवड्यात घ्यायच्या प्रात्यक्षिकाचा आराखडा मांडला, तेव्हा त्यातील एक अभिकर्मक (प्रयोगासाठी लागणारे रसायन) मागवल्यापासून हाती येईपर्यंत कित्येक आठवडे जातात, हे त्यांना आमच्यापैकी एकाने सांगितले. त्यांनी तिथल्या तिथे प्रात्यक्षिकांचा क्रम बदलला. परीक्षा विभागातील सहकाऱ्यांनी गुणपत्रकाचा प्रवास समजावून सांगितला. एका विषयाचे गुण उशिरा आले तर संपूर्ण वर्गाचा निकाल का अडकतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते. ग्रंथालयातील सहकाऱ्यांनी संशोधकांच्या ‘ऑर्किड’ (ORCID) या ओळख क्रमांकाची नोंदणी करून दाखवली. एकाच नावाच्या अनेक संशोधकांमध्ये गल्लत होऊ नये म्हणून २०१२ पासून दिला जाणारा हा सोळा अंकी ओळख क्रमांक तंत्रज्ञांनाही घेता येतो, आणि ज्या शोधनिबंधात आपले काम आहे तो आपल्या नावाशी जोडता येतो. त्या संध्याकाळी मी माझा क्रमांक घेतला.

पहिल्या दिवसाचा उत्तरार्ध म्हणजे सुरक्षा-फेरी. तिच्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण नवागताला इजा होण्याची शक्यता सर्वाधिक असते ती याच बाबतीत, आणि अनेक ठिकाणी ही बाब एका छापील कागदावर सही घेऊन उरकली जाते. आमच्या दोन गटांना ज्येष्ठ तंत्रज्ञांनी प्रत्यक्ष इमारतीतून फिरवले. डोळे धुण्याची (आयवॉशची) तोटी कुठे आहे हे दाखवून ते थांबले नाहीत. प्रत्येकाला डोळे मिटून, भिंतीच्या आधाराने तिथपर्यंत चालत जायला लावले, कारण जेव्हा तिची खरी गरज पडते तेव्हा माणसाला दिसत नसते. रसायन डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे सतत पाणी सोडावे लागते, हा नियम मला माहीत होता. पंधरा मिनिटे प्रत्यक्षात किती लांब असतात हे मात्र घड्याळ लावून वाहते पाणी पाहत उभे राहिल्यावर कळले. लाल कडेच्या चौकटीतली नऊ धोकाचिन्हे, जी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पद्धतीमुळे आता अनेक देशांत सारखीच दिसतात, ती खऱ्या बाटल्यांवर ओळखायला दिली. संगणक विभागातील एका सहकाऱ्यांनी कवटीचे चिन्ह लगेच ओळखले. माणसाच्या छातीवर चांदणी उमटलेले चिन्ह मात्र कर्करोगासारख्या, उशिरा प्रकट होणाऱ्या हानीसाठी असते हे त्यांना नवे होते. या प्रयोगशाळांतील संगणक दुरुस्त करायला तेच येणार होते.

द्रवरूप नायट्रोजनच्या खोलीपाशी फेरी सर्वांत जास्त वेळ थांबली, आणि ते योग्यच झाले. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव हात भाजून काढतो हे सगळ्यांना ठाऊक असते. एक लिटर द्रवापासून सुमारे सातशे लिटर वायू तयार होतो आणि बंद जागेत तो श्वासासाठी लागणारा ऑक्सिजन निमूटपणे बाजूला सारतो, ही गोष्ट तितकी ठाऊक नसते. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून त्याचे पात्र उद्वाहनातून (लिफ्टमधून) न्यायचे असेल तर पात्र एकटे जाते. एक जण खालच्या मजल्यावर ते आत ठेवतो, दुसरा वरच्या मजल्यावर ते उतरवून घेतो आणि मधल्या मजल्यांवर कोणी आत शिरू नये म्हणून दारात फलक लावतात. हे आम्हाला करून दाखवले, मग आमच्याकडून करून घेतले. उत्पादन कारखान्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे काम करूनही मला इतक्या नीटपणे कोणी हे शिकवले नव्हते.

आता उणिवांविषयी. पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध मला पटला नाही. विद्याशाखेचा इतिहास, समित्यांची रचना, रजेचे नियम, खरेदीची पद्धत, संगणक-सुरक्षा, तक्रार निवारण हे सारे जवळपास तीन तास एकापाठोपाठ एक पडद्यावर सरकत राहिले. वक्ते आस्थेने बोलत होते यात शंका नाही, परंतु हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून हे माहीत आहे की नव्याने पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि नंतर विस्मरणाचा वेग मंदावतो. ज्या नियमाची गरज दोन महिन्यांनी पडणार आहे तो पहिल्या सकाळी सांगून काही हाती लागत नाही. खरेदीची पद्धत पहिली मागणी नोंदवण्याच्या आठवड्यात आणि रजेचे नियम लेखी स्वरूपात दिले तरी पुरे. तक्रार कोणाकडे करायची, हे मात्र पहिल्याच दिवशी आणि नावानिशी सांगायला हवे, जे इथे पडद्यावरच्या एका ओळीत संपले.

‘सोबती’ ही योजना मात्र मनापासून वाखाणण्यासारखी आहे. सोबती आपल्या विभागातला नसतो आणि आपल्या कामाचे मूल्यमापन त्याच्याकडे नसते, एवढ्या दोन अटींनी ती योजना खरी उपयोगी झाली आहे. माझ्या सोबती दुसऱ्या इमारतीतील एक अनुभवी कार्यालयीन अधीक्षक होत्या. ‘सूक्ष्मदर्शकाच्या दुरुस्तीचा कागद कोणाच्या सहीसाठी अडला आहे?’ हा प्रश्न मी माझ्या प्रमुखांना तीनदा विचारायला संकोचले असते. सोबतींना मी पाच वेळा विचारला. माणूस संस्थेत कसा सामावला जातो याचा विचार मांडताना जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन यांनी १९७९ साली दोन भेद सांगितले होते, ते इथे मला वारंवार आठवले. एक, नवागताला आधीच्या अनुभवी माणसाचा हात मिळतो की त्याला वाट स्वतःच शोधावी लागते. आणि दोन, तो जे सोबत घेऊन येतो ते संस्था स्वीकारते की आधी पुसून टाकते. पहिल्याच भेटीत माझ्या सोबतींनी मला विचारले, “कारखान्यात तुम्ही जे करत होता त्यातले इथे काय कमी आहे असे वाटते?” रुजू झालेल्या तंत्रज्ञाला असा प्रश्न विचारलेला मी याआधी ऐकलेला नाही.

अध्यापकांना सोबतीखेरीज एक मार्गदर्शकही मिळतो, आणि त्याचा परिणाम मी शेजारून पाहिला. आमच्या मजल्यावरच्या एक सहायक प्राध्यापक पहिले दोन महिने रात्री उशिरापर्यंत व्याख्यानांची तयारी करत बसत. नव्या प्राध्यापकांच्या पहिल्या वर्षांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट बॉइस यांना सहकाऱ्यांपासूनचे तुटलेपण आणि गरजेपेक्षा अधिक तयारी या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या होत्या. ज्यांचा जम लवकर बसतो ते तयारीला मर्यादा घालतात आणि सहकाऱ्यांशी लवकर बोलू लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. या प्राध्यापकांच्या मार्गदर्शकांनी त्यांना उपदेश न करता आपल्या स्वतःच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला बोलावले. त्यानंतर त्यांच्या खोलीतला दिवा लवकर मालवू लागला.

सर्वांत गंभीर उणीव शेवटी नोंदवते. हा कार्यक्रम सत्राच्या प्रारंभी एकदाच होतो. मधल्या महिन्यांत येणाऱ्यांना एका ईमेलमध्ये दुव्यांची यादी मिळते. सहा महिन्यांच्या करारावर आलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला सोबती मिळेपर्यंत त्याच्या मुदतीचा निम्मा काळ सरला होता. कमी काळासाठी येणाऱ्याला जुळवून घ्यायला वेळही कमीच मिळतो, म्हणून खरे तर त्याला ही मदत आधी मिळायला हवी. आणि जे कंत्राटदारामार्फत प्रयोगशाळांची सफाई करतात ते विद्याशाखेच्या यादीतच नसल्याने सुरक्षा-फेरीलाही नव्हते. रोज संध्याकाळी, आम्ही गेल्यावर, त्याच फरश्या तेच पुसतात. सांडलेला द्रव पाणी आहे की आणखी काही, हे ठरवण्याची वेळ आमच्या आधी त्यांच्यावर येते. कामाच्या ठिकाणी रसायने वापरली जात असतील तर त्यांच्या धोक्यांची माहिती मिळणे हा कामगारांचा अधिकार आहे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रसायनविषयक करारात म्हटले आहे. पगार कोणाकडून येतो यावर तो अधिकार अवलंबून असू नये.

तिसऱ्या महिन्यातील भेटीत मी हे सांगितले. ती भेट औपचारिक नव्हती. अधिष्ठात्यांनी स्वतः टिपून घेतले, आधीच्या गटाच्या कोणत्या सूचना अमलात आल्या आणि कोणत्या आल्या नाहीत याची यादी पुढे ठेवली, आणि सफाई करणाऱ्यांसाठी त्यांच्या कामाच्या वेळेत, त्यांना समजेल अशा भाषेत वेगळी फेरी घेण्याचे मान्य केले. फेरी कोण घेणार असे विचारताच मी आणि आणखी एका तंत्रज्ञाने नावे दिली. नऊ चिन्हांचे मोठे फलक आम्ही तयार करून ठेवले आहेत. कंत्राटदाराची लेखी संमती अजून आलेली नाही, आणि ती येईपर्यंत संध्याकाळी निघताना दोन्ही प्रयोगशाळांच्या फरश्या आम्ही स्वतः पाहून घेतो.