ताई ची की ओटागो? तोल सांभाळायचा तर काय निवडावं

सत्तरीनंतर माणूस एकदा पडला, किंवा पडता पडता वाचला, की घरचे दोनच गोष्टी सुचवतात: बागेतल्या ताई चीच्या, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामाच्या, वर्गाला जा, नाहीतर फिजिओला घरी बोलवू. मी दोन्ही करून पाहिलं. 'आम्ही रोज तासभर चालतो की' म्हणणाऱ्यांनीही पुढचं वाचावं. चालणं चांगलंच, पण तोल गेला की सावरायचं कसं, याचा सराव नुसत्या चालण्यातून फारसा होत नाही.

फिजिओने मला दिला तो ओटागोचा व्यायाम. मूळचा न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचा. त्यांची पहिली चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली, तीही ऐंशी आणि त्यापुढच्या बायकांवरची. नंतर अशा चार चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तर पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास. घोट्याला वजनं बांधून पाय उचलायचे, मग वजनं सोडून टाचेला चवडा लावत चालायचं, उलटं चालायचं, एका पायावर उभं राहायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं.

कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगतो. ओट्याला धरून भिंतीकडे बघत पाय मागे उचलण्यात कसली आलीय मजा! शिवाय ती वजनं बांधायला वाकायचं, ज्यांची कंबर धरते त्यांना तेवढ्यासाठी दुसरं कुणीतरी लागतं.

ताई चीचं सगळं याच्या उलट. सकाळची हवा, ओळखीचे चेहरे, नंतरचा चहा. एखाद्या दिवशी गेलो नाही तर चौकशीचा फोन यायचा, तेवढ्यासाठी तरी पाय घराबाहेर पडायचे. कागदावरही ताई ची कमी नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सत्तरी गाठलेल्या ६७० जणांवर झालेल्या चाचणीत (२०१८) नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीवाले ५८ टक्के कमी पडले, आणि ताकद, तोल असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेतही ३१ टक्के कमी.

पण त्या चाचणीतलं ताई ची म्हणजे वयस्करांसाठी बेतलेल्या आठ हालचाली. आमच्या बागेत शिकवायचे ते चीनमध्ये १९५६ साली बसवलेला चोवीस हालचालींचा क्रम. आणि त्यात माझं घोडं अडलं ते वळण्यापाशी. सर पुढे उभे, आम्ही मागे. दोन-चार हालचाली झाल्या की सगळ्यांनी वळायचं. वळलं की सर पाठीमागे जातात. पुढचं आठवत नाही म्हणून मान मागे फिरवून बघायचं, नेमकं एका पायावर भार असताना. तोल शिकायला आलेला माणूस तिथेच डुगडुगायचा. शेजारच्याकडे बघावं तर तो माझ्याकडे बघत असायचा! सरांची चूक नव्हती. तीस माणसांत प्रत्येकाच्या पायांकडे लक्ष कोण देणार? ज्यांना क्रम पटकन पाठ होतो त्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. मला तो शेवटपर्यंत जाणवला, आणि मी घरच्या व्यायामाकडे वळलो.

घरी मला जमेल तेवढंच अवघड असतं. आधी ओट्याला दोन्ही हात, मग एक, मग नुसती दोन बोटं, मग काहीच नाही. मोजमाप माझ्याकडे नाही, पण पँट घालताना आता पलंगावर बसावं लागत नाही, आणि रात्री अंधारात उठलो तरी हात आपोआप भिंतीकडे जात नाही. एवढं ताई चीने मला दिलं नव्हतं. अर्थात तिथे मी आणखी टिकलो असतो तर कोण जाणे.

साठी-पासष्टीचे, पाय धड असलेले, घरात एकट्याने व्यायाम होणारच नाही हे स्वतःला ठाऊक असलेले, अशांनी ताई ची जरूर बघावं. फक्त वर्ग लहान आहे ना आणि वळल्यावर समोर कुणी जाणकार उभा असतो ना, हे आधी बघून यावं. एकदा पडून झालेलं असेल किंवा ऐंशी जवळ आली असेल, तर मी फिजिओच म्हणेन. आणि उठल्यावर चक्कर येत असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टर.

फिजिओ निवडताना एक बघा. कागद हातात देऊन जो परत फिरकत नाही, तो नको. महिन्याभराने येऊन 'आता हात सोडा' म्हणणारा हवा, कारण आपण होऊन ओटा कुणी सोडत नाही.