जावा फर्नच्या 'बिया' घेऊ नका, माझे पैसे गेले आणि मासेपण मेले
मी डिचोलीला राहतो. चतुर्थीच्या आधी मुलीसाठी दोन फुटी फिश टँक आणला, प्लास्टिकची झाडं नको म्हणून खरी शोधत होतो तर मोबाईलवर जाहिरात दिसली, जावा फर्नच्या (टँकमध्ये पाण्याखाली वाढणारं झाड) बिया, खडीवर टाका, आठ दिवसांत टँक हिरवागार. 350 रुपये यूपीआयने पाठवले.

मोहरीपेक्षा बारीक बिया आल्या. सांगितल्याप्रमाणे ओल्या खडीवर पसरल्या, कोंब आल्यावर पाणी भरलं, मासे सोडले. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टँकपाशी. तीन आठवड्यांत सगळं पिवळं, देठ लिबलिबीत, पाण्याला कुजका वास. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणतो तुमची लाईट कमी पडते, हे खत घाला, त्याचे आणखी 200 घेतले. दोन दिवसांत पाच गप्पी मेले आणि मेसेज केला तर त्याने मला ब्लॉक केलं. मुलगी खूप रडली, राग मला त्याचाच जास्त आहे.

फोंड्याचा मित्र टँक बघून म्हणाला, "अरे फर्न म्हणजे नेचा, पावसात आपल्या विहिरीच्या चिऱ्यांवर उगवतो ना, त्याला कधी फूल नाहीतर बी बघितलंस?" खरंच, नेच्याला बी नसतंच, पानामागे तपकिरी ठिपके असतात त्यात बीजाणू असतात. म्हणजे पाकिटात जावा फर्न असणं शक्यच नव्हतं, जमिनीवरचं कुठलंतरी रोप होतं, पाण्याखाली ते कुजलं आणि कुजलेल्या पाल्याचा अमोनिया माशांना भोवला.

त्याने स्वतःच्या टँकमधला एक तुकडा दिला. खरा जावा फर्न असाच मिळतो, आडवं जाड खोड, त्याला राइझोम म्हणतात, वर पानं आणि खाली काळपट मुळं. खोड खडीत पुरायचं नाही, पुरलं की सडतं, दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधायचं, मुळं आपोआप धरतात. साधी लाईट पुरते, सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, वेगळा सोडावा लागत नाही. वाढतो मात्र अगदी हळू, त्यामुळे आठ दिवसांत हिरवागार असं कोणी म्हणालं तर तिथेच पैसे खिशात ठेवा. आणि पानामागचे ते ठिपके रोग समजून पानं कापू नका, मी दोन कापली.

असे फसून पैसे ऑनलाईन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, मी महिनाभराने केला.

आता जुन्या पानाच्या टोकाला मुळांसकट छोटी पिल्लं फुटलीत. थोडी मोठी झाली की डिचोली, साखळीकडे कोणाला हवी असतील तर फुकट देईन.