माहुलची खोली की हातात भाडं?

मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडली गेली, तेव्हा लोकांना चेंबूरजवळच्या माहुलच्या इमारती दाखवल्या. खोली पक्की, डोक्यावर छप्पर कायमचं. पण शेजारी तेल शुद्धीकरण कारखाने. हवा आरोग्याला घातक असल्याचं पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानेही 2015 मध्ये नोंदवलं. खिडकी लावून घेतली तरी पोराचा खोकला थांबत नाही, असं घर काय कामाचं?

2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसरी वाट दिली: या कुटुंबांच्या हातात दरमहा 15,000 रुपये भाडं, 45,000 अनामत. जागा आपण निवडायची, शाळा-कामाजवळ. अर्थात अकरा महिन्यांनी पुन्हा बोचकी बांधायची धास्ती असतेच, आणि रक्कम रखडली की घरमालक दारात.

तरीही मी भाड्याच्याच बाजूने. श्वास आधी, मालकी नंतर.