शाळेच्या थंडीसाठी: लोकरीचा स्वेटर की फ्लीसचं जॅकेट?

निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पहाटेचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी त्याच अंगणात पोरं घामाघूम होतात. मुलांचे गरम कपडे घेताना ही थंडी डोळ्यांसमोर ठेवा. बर्फाच्या मुलखातलं गुबगुबीत जॅकेट इथे दहा वाजताच दप्तरात कोंबलं जातं.

लोकरीचा मोठा गुण म्हणजे ती दमट झाली तरी ऊब सोडत नाही. पण नुसत्या अंगावर टोचते, म्हणून आत पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट हवाच. गरम पाण्यात पडली की आटते, त्यामुळे धुण्याची जिकीर आहे. शिवाय ‘लोकरीचा’ म्हणून मिळणारा स्वेटर पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा असतो; आतली पट्टी वाचूनच पैसे द्या.

फ्लीस म्हणजे पॉलिस्टरच. हलकं, मऊ, मशीनमध्ये धुता येतं आणि रात्री वाळत घातलं तर बहुधा सकाळी घालता येतं. रोज मातीत लोळणाऱ्या मुलासाठी ही सोय फार मोठी. मात्र त्यातून वारा आरपार जातो. स्कूटरवर पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला खरी थंडी वाऱ्याचीच लागते. विणलेल्या स्वेटरचंही तेच, म्हणून दोन्हींवर पातळ विंडचीटर लागतोच.

शेकोटीचं मात्र मी कळकळीने सांगते. फ्लीस आणि अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. अस्सल लोकर सहजी पेट घेत नाही. गावी हुरड्याला जाणार असाल तर मुलांना लोकरच घाला, आणि तरीही आगीपासून लांब बसवा.

लोकर आणि फ्लीस यांतलं एकच घ्यायचं असेल, तर शाळेसाठी मी फ्लीस आणि विंडचीटरची जोडी घेईन. एकेक थर उतरवता येतो, हे महत्त्वाचं. घरी आजीने विणलेला स्वेटर असेल, तर फ्लीसचा खर्च वाचवा, फक्त विंडचीटर आणा.

मफलरऐवजी कानटोपी बरी. मफलरचं टोक चाकात किंवा घसरगुंडीत अडकतं. तान्ह्या बाळाला मात्र घरात झोपवताना टोपी काढा. बाळाचे हात-पाय गार लागले म्हणून लगेच आणखी कपडे चढवू नका. मानेमागे हात लावून पाहा: तिथे घाम असेल तर एक थर कमी करा.