व्हिटॅमिन सी कमी, युरिक ॲसिड नॉर्मल: दोन्ही आकडे फसवे

भावाला गाऊट आहे, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार. युरिक ॲसिड ८.४. एका वेलनेस सेंटरवाल्यांनी पटवलं की खरं दुखणं व्हिटॅमिन सीच्या कमतरतेत आहे. त्यांचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. रिपोर्टात व्हिटॅमिन सी ०.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ०.२ च्या खाली म्हणजे स्कर्व्हीची, व्हिटॅमिन सीच्या तीव्र कमतरतेनं हिरड्यांतून रक्त आणि अंगावर डाग येणाऱ्या आजाराची हद्द! हिरड्या ठणठणीत, अंगावर एक डाग नाही, पण आकड्यापुढे कोण बोलणार? सलाइनमधून व्हिटॅमिन सी देण्याचा महागडा कोर्स गळ्यात पडला.

आता त्या ०.१ चं बघा. व्हिटॅमिन सी नळीत टिकत नाही. हवा, उजेड, उष्णता, फुटलेल्या रक्तपेशींतलं लोह, सगळंच त्याला खातं. नमुना लगेच बर्फात, उजेडापासून झाकून न्यावा लागतो. प्लाझ्मा चटकन वेगळा करून त्यात मेटाफॉस्फोरिक ॲसिडसारखं आम्ल घालावं लागतं, मग उणे ७० च्या आसपास गोठवून शक्यतो एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. आमची नळी साध्या पिशवीतून, बाकीच्या घरांचे नमुने गोळा करत फिरली. कमी येणारच. किंबहुना कमी यावं हाच धंदा.

दुसरी चलाखी जास्त हुशारीची. कोर्सच्या शेवटी, सलाइन संपल्या संपल्या युरिक ॲसिडसाठी रक्त घेतलं. आलं ४.९! "बघा, गाऊटच्या गोळ्या बंद करा आता," सेंटरवाले म्हणाले. नेहमीच्या तपासणीत युरिकेज एन्झाइम युरिक ॲसिडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, त्यापासून पेरॉक्सिडेज रंग तयार करतं आणि मशीन तो रंग मोजतं. रक्तात व्हिटॅमिन सी प्रचंड असेल तर ते पेरॉक्साइड आधीच गिळतं, रंग फिका पडतो, आकडा खोटा कमी येतो. गोळ्या बंद केल्या असत्या तर सांधा पुन्हा सुजला असता, आणि खापर भावाच्या जेवणावर फुटलं असतं.

सलाइन लावण्यापूर्वी मुतखडा, किडनी, जीसिक्सपीडी, काहीही विचारलं नव्हतं. जीसिक्सपीडी हे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असलेल्याच्या रक्तपेशी एवढ्या मात्रेनं फुटू शकतात. डॉक्टर हे ऐकून भडकलेच.

सलाइन थांबवून काही दिवस गेल्यावर, बर्फाची पेटी आणणाऱ्या लॅबकडून दोन्ही तपासलं. व्हिटॅमिन सी ०.८, म्हणजे व्यवस्थित. युरिक ॲसिड ८.१. गाऊटवाल्यानं ६ च्या खाली राहायचं असतं.

पैसे परत मागितले. नाही मिळाले. पण पहिला नमुना अजून ठेवलाय, तो पुन्हा तपासून देतो म्हणाले, अगदी फुकट.