टीएमएसची तीस सिटिंग्ज, त्यानंतरचे आठ महिने

दारू सुटावी म्हणून टीएमएस घेतलं, म्हणजे डोक्यावर कॉइल टेकवून मेंदूला चुंबकीय ठोके देतात ते. लगेच लिहिलं असतं तर कौतुकाचा पूर आला असता, म्हणून मुद्दाम थांबलो.

हे 'शॉक' नव्हेत. भूल नाही, खुर्चीत टक्क जागं बसायचं. पहिल्या दिवशी नुसतं मोजमाप. डाव्या बाजूला कॉइल सरकवत एकेक ठोका देतात आणि अंगठा कधी उडतो ते बघतात. माझा उजवा अंगठा मांडीवर टुणकन उडाला. मी दचकलो, आणि मग हसू आलं. पंधरा वर्षं हाच हात मला न विचारता ग्लासाकडे जात होता, तेव्हा नाही कधी दचकलो! त्या ठोक्याचा जोर म्हणजे मोटर थ्रेशोल्ड, त्यावरून डोस ठरतो. मग कॉइल थोडी पुढे घेतात, मेंदूच्या मोहाला लगाम घालणाऱ्या भागावर.

कानात बोळे घातले तरी सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखं वाटतं. काही सेकंद टकटकाट, मग शांतता, अशी वीसेक मिनिटं. पहिला आठवडा डोकं ठणकलं, पुढे सवय झाली.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी घेतली. सकाळी टेक्निशियनने रोजच्यासारखं विचारलं, 'काल घेतली? झोप झाली?' मी बेधडक 'नाही घेतली' म्हणालो. दुपारी राहवेना, फोन करून खरं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, पण दोन दिवस सिटिंग बंद. दारू तुटताना फिट येऊ शकते, आणि क्वचित टीएमएसनेही येते. म्हणून तर आधी डिटॉक्स करून घेतात, म्हणजे देखरेखीखाली दारू अंगातून उतरवतात. रोजचा तो प्रश्न मला तोवर चौकशीचा वाटायचा.

तलफ गेली का? नाही. पूर्वी तलफ आल्याचं कळेपर्यंत मी चप्पल घालून दाराबाहेर असायचो. आता खुर्चीत असतानाच कळतं. एवढाच फरक, पण माझ्यासाठी फार मोठा. तो मशीनचा, नालट्रेक्झोन या तलफ कमी करणाऱ्या औषधाचा, समुपदेशनाचा, की रोज सकाळी कुणीतरी वाट बघतंय याचा, हे मला सांगता येणार नाही.

राग आहे तो क्लिनिकच्या माहितीपत्रकावर. 'मान्यताप्राप्त उपचार' असं ठळक छापलेलं. अमेरिकेच्या एफडीएने टीएमएसला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी परवानगी दिली. दारूसाठी नाही. हे विचारलं तर काउंटरवरच्या बाईंनी पुढची तारीख लिहून दिली.

पाचव्या महिन्यात दोनदा घसरलो. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी थांबलो, जे आधी कधी जमलं नव्हतं. आता डॉक्टर बूस्टर सिटिंग्ज घ्या म्हणतायत. घेईन बहुधा. आधीच्या तीसांतली नेमकी किती कामी आली, हे विचारल्यावर मात्र तेही गालातल्या गालात हसले.