कन्व्हेक्शन ओव्हन म्हणून साधाच ओव्हन गळ्यात मारला

घरी कुकीज करायला ओव्हन घेण्याचा विचार असेल, तर माझ्यासोबत काय झालं ते वाचा. मी ऑनलाइन एक संच मागवला होता. ४० लिटरचा कन्व्हेक्शन ओव्हन, म्हणजे आत पंखा असलेला, आणि सोबत ‘हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम’चे, म्हणजे पृष्ठभाग टणक केलेल्या ॲल्युमिनियमचे ट्रे, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. घरी आलं ते यातलं काहीच नव्हतं, आणि हे उघडकीला आलं तेव्हा माल परत करायची मुदत संपली होती. ती मुदत विक्रेत्याने मुद्दाम संपवली, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या घाण्यापासून कुकीज खालून करपायच्या आणि वरून पांढुरक्या राहायच्या. ट्रेच्या मागच्या रांगेतल्या तपकिरी, दाराजवळच्या कच्च्या. विक्रेत्याला फोटो पाठवले की गोड उत्तर यायचं: बटर फार मऊ झालं असेल, साखर जास्त पडली असेल, पीठ फ्रीजमध्ये गार करून बघा आणि कळवा. यातलं काहीही खोटं नाही. बटर मऊ असलं की कुकी पसरते, पीठ गार केलं की आकार टिकतो. म्हणूनच हा डाव लक्षात येत नाही. दोष आपल्या हाताचा ठरतो, आपण पाककृती बदलत बसतो आणि दिवस निघून जातात. मुदत संपली आणि उत्तरं यायची थांबली.

फ्रीजवरचं लोहचुंबक ट्रेला लावून पाहिलं, तर घट्ट चिकटलं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. काळ्या लेपाखाली पातळ लोखंडी पत्रा होता. लोखंडी ट्रे वाईटच असतो असं नाही; जाड असेल तर तो छान काम देतो. पण पातळ पत्रा गरम होताना टणकन वाकतो, आणि गडद रंग उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे कुकीचा तळ आधी करपतो. उजळ रंगाच्या जाड ॲल्युमिनियमवर ती सावकाश आणि सारखी भाजते.

त्या ट्रेवर ‘पीएफओए फ्री’ असंही छापलं होतं. त्यावर भुलू नका. पीएफओए हे नॉनस्टिक लेप बनवताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन; ते नसलं तरी लेप पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असू शकतो, आणि तो साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की खराब होऊन विषारी वाफा सोडू लागतो. घरात पाळलेले पक्षी असतील तर त्या वाफेने ते मरू शकतात. असा ट्रे रिकामा तापवू नका, वरच्या रॉडला खेटूनही ठेवू नका.

मग ओव्हन तपासला. कन्व्हेक्शनमध्ये आतली गरम हवा पंखा खेळवत ठेवतो. ओव्हन बंद आणि थंड असताना टॉर्च मारून पाहिलं. मागच्या भिंतीला भोकं होती, पण त्यांच्यामागे पंखाच नव्हता! भोकं फक्त दिसण्यापुरती पाडली होती. आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार केला आणि १००० ने भागलं, तर ३० लिटरसुद्धा भरेनात.

तापमान पाहायचं तर आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर सर्वांत बरा. तो नसेल तर साखरेने अंदाज येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन नीट तापू द्या, फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून मधल्या जाळीवर १५ मिनिटं ठेवा. बटण १७५ वर असताना ती कोरडी राहायला हवी, १९० वर वितळायला हवी. माझ्याकडे १७५ लाच तिचा पाक झाला. बहुतेक कुकीज १७५ ते १८० अंशांवर भाजतात, म्हणजे माझ्या सगळ्याच घाण्यांना जास्त आच लागत होती.

हे सगळं माल आल्या दिवशीच करा, पीठ मळायच्या आधी. खोकं उघडतानाचे फोटो आणि मागच्या पट्टीवरचे मॉडेल व वॅट यांचा फोटो काढून ठेवा. मी त्यांना थेट विचारलं तेव्हा त्यांनी आधी विषय टाळला, नंतर ‘या मॉडेलला पंखा येत नाही’ असं स्वतःच लिहून पाठवलं. तोच निरोप आता माझ्या लेखी तक्रारीसोबत जोडला आहे; पैसे अजून मिळालेले नाहीत. तुम्ही हा प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारा: आत पंखा आहे का, ट्रे कोणत्या धातूचा आहे? आणि फोनवर नको, उत्तर लेखीच घ्या.